प्रतिजैविकांचा जाब पाणी खात्यालाही विचारा

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर या आठवड्यात जगभर प्रतिजैविकांविषयी जनजागृती केली जाते. आपल्याकडेही दवाखान्यांच्या भिंतींवर फलक लागतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका, बरे वाटले म्हणून कोर्स मध्येच सोडू नका, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. साध्या सर्दीखोकल्यावर दुकानातून परस्पर अझिथ्रोमायसिनची पट्टी आणणारी घरे प्रत्येक इमारतीत सापडतील आणि ती सवय मोडलीच पाहिजे. पण या सगळ्या फलकांचा रोख एकट्या रुग्णावर असतो. औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढले ते लोकांच्या बेशिस्तीमुळे, असा त्यांचा सूर असतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला ही हकिकत अर्धीच सांगितली जाते, असे माझे ठाम मत आहे. उरलेली अर्धी नळाची, गटाराची आणि टँकरची आहे. तिचे उत्तर महापालिकांच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण विभागांनी द्यायचे आहे आणि ते त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही.

एखाद्याने वर्षानुवर्षे अँटिबायोटिकची एकही गोळी घेतली नसेल, तरी असे जिवाणू त्याच्या आतड्यात मुक्कामाला असू शकतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२-१३ मध्ये परदेशी निघालेल्या सुमारे दोन हजार प्रवाशांच्या शौचाचे नमुने जाण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासले. भारत आणि शेजारच्या दक्षिण आशियाई देशांत जाऊन आलेल्यांपैकी ७५ टक्के लोक परतताना ‘ईएसबीएल’ तयार करणारे जिवाणू पोटात घेऊन गेले. जाण्यापूर्वी ते त्यांच्या पोटात नव्हते. ईएसबीएल हे जिवाणूंनी तयार केलेले विकर (एन्झाइम) आहे. सेफिक्झाइम, सेफट्रायाक्झोन अशी आपल्या डॉक्टरांच्या रोजच्या वापरातली औषधे ते मोडून टाकते. या प्रवाशांत अँटिबायोटिक न घेतलेलेही होते. ते इथे आले, जेवले, पाणी प्यायले आणि परत गेले. चार दिवसांच्या पाहुण्याच्या पोटात एवढे शिरत असेल, तर ठाण्यातल्या दिव्याच्या किंवा नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या वस्तीत जन्मून तिथलेच पाणी पिऊन वाढणाऱ्या मुलाचे काय होत असेल?

बहुतेक वेळा अशा मुलाला काहीच होत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न दिसत नाही. आतड्यातला ई-कोलाय हा जिवाणू निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाही. त्याच माणसाला पुढे कधी लघवीचा संसर्ग झाला, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली, बाळंतपणात गुंतागुंत झाली, की आत बसलेला तोच जिवाणू वर येतो. पूर्वी पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरा होणारा लघवीचा संसर्ग आता अनेक रुग्णांना आठवडाभर शिरेतून इंजेक्शन घेऊन बरा करावा लागतो. एका घरासाठी याचा अर्थ रजा, रोजंदारी बुडणे आणि रुग्णालयाचे बिल. या बिलाचा संबंध वस्तीत फुटलेल्या जलवाहिनीशी कोणी जोडत नाही.

हा संबंध कसा लागतो ते नीट पाहू. आपण गिळलेल्या प्रतिजैविकाचा बराच भाग शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडतो. एका ग्रॅम विष्ठेत कोट्यवधी ई-कोलाय असतात. घरांचे, रुग्णालयांचे आणि गोठ्यांचे सांडपाणी एकाच नाल्यात येते. तिथे जिवाणू असतात, औषधांचे अंश असतात आणि कारखाने जवळ असतील तर जड धातूही असतात. औषधाला तोंड देण्याचे जनुक बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असते, आणि एक जिवाणू ती कडी दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. म्हणजे निरुपद्रवी ई-कोलायने कमावलेली ताकद उद्या विषमज्वराच्या (टायफॉइड) किंवा पटकीच्या (कॉलरा) जिवाणूकडे जाऊ शकते.

असे घडू शकते हे आपल्या देशातच दिसून आले आहे. एनडीएम-१ हे कार्बापेनेमसारख्या अखेरच्या फळीतल्या औषधांनाही निकामी करणारे जनुक. टिमोथी वॉल्श आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दिल्लीतल्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रस्त्याकडेला साचलेल्या आणि झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोन नमुन्यांत हे जनुक सापडले. ते पटकीच्या आणि आमांशाच्या जिवाणूंतही पोहोचलेले होते. तेव्हा आपल्याकडे संताप झाला तो जनुकाला दिल्लीचे नाव दिल्याबद्दल (एनडीएममधले ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली). तो राग समजण्यासारखा होता. पण त्या गदारोळात नळाचे ते दोन नमुने मागे पडले. देशाची राजधानी नळाने असे पाणी देत असेल तर इतर शहरांनी आपले नळ तपासून पाहायला हवे होते. तपासणीची ती परंपरा सुरू झाली असती, तर आज ठाण्याकडे दशकभराची आकडेवारी असती.

ठाण्याचे पाणी एका ठिकाणाहून येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीवर पिसे येथे पाणी उचलते आणि टेमघरला ते शुद्ध करते. स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी शहाडला उल्हास नदीतून पाणी घेते. एमआयडीसी बारवी धरणाचे पाणी नदीत सोडून जांभूळला उचलते आणि कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्याला देते. थोडे पाणी मुंबई महापालिकेकडून मिळते. नवी मुंबईची बाजू त्या मानाने भक्कम आहे. तिने मोरबे धरण विकत घेतले, त्याची क्षमता दिवसाला ४५० दशलक्ष लिटर आहे आणि ते पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येते. तरी तिथल्याही उत्तरेकडच्या काही भागांना एमआयडीसीच्या पाण्याचा आधार घ्यावा लागतो.

यातली उल्हास ही खरी चिंतेची नदी आहे. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर ओलांडून ती जांभूळ आणि शहाडला येते, म्हणजे वाटेतल्या वाढत्या गावांचे आणि शहरांचे सांडपाणी सोबत घेऊनच येते. मोहने बंधाऱ्यापाशी नदीवर पसरणारी जलपर्णी कल्याणकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद मिळाल्याशिवाय ती इतकी माजत नाही. शुद्धीकरण केंद्रांत तुरटी, गाळण्या, क्लोरीन हे सगळे होते, आणि तिथून बाहेर पडणारे पाणी बहुतेक वेळा चांगलेच असते. केंद्रावरच्या अभियंत्यांवर माझा रोष नाही.

पाणी बिघडते ते पुढे. आपल्याकडे चोवीस तास पाणी नसते, ठरावीक वेळी येते. पाणी गेले की वाहिनीतला दाब उतरतो आणि काही वेळा वाहिनी बाहेरचेच पाणी आत ओढू लागते. वाहिनीला तडा असेल आणि शेजारी तुंबलेले गटार असेल तर आत काय शिरते हे सांगायला नको. लोकमान्यनगर, किसननगर, कळव्याच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या, नवी मुंबईतले दिघा आणि तुर्भ्याचे झोपडपट्टी भाग, इथे घरगुती जोडण्या कितीतरी ठिकाणी गटारातूनच गेलेल्या दिसतात. दाब कमी म्हणून लोक नळाला मोटर लावतात आणि ती मोटर गळक्या सांध्यातून घाणही खेचते. पाणी आले की पहिली काही मिनिटे पिवळट पाणी सोडून द्यायचे हे चाळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. त्यात मेट्रोसाठी, गॅसवाहिन्यांसाठी, केबलसाठी वर्षभर रस्ते खणले जातात आणि जलवाहिन्या फुटत राहतात.

घोडबंदर रस्त्यावर वेगळीच गोष्ट. कासारवडवली, वाघबीळ, ओवळे, कोलशेत इथल्या उंच इमारतींच्या वार्षिक सभांत टँकरच्या खर्चावरून दर वर्षी भांडणे होतात, पण टँकर कुठल्या विहिरीवर किंवा बोअरवेलवर भरला हे विचारणारा क्वचितच भेटतो. ‘ते फक्त वापरायचे पाणी आहे’ असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात ते पाणी इमारतीखालच्या त्याच टाकीत ओतले जाते जिच्यात महापालिकेचे पाणी येते. महापालिकेच्या पाण्यात उरलेला थोडासा क्लोरीन टँकरच्या पाण्यातल्या घाणीवर खर्च होऊन जातो. आपण दोन्ही पाणी एकत्र करतो तेव्हा शुद्ध पाण्याचे संरक्षणही काढून घेत असतो. हा मुद्दा सुशिक्षित सोसायट्यांच्या कार्यकारिणीलाही पटवून द्यावा लागतो, याचे मला फार वाईट वाटते.

आणि ज्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, मोडकसागर आहेत, ज्याच्या पाण्यावर मुंबई जगते, तिथले पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरवर किंवा आटलेल्या विहिरीवर असतात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकतो, ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांच्या स्थितीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. एका तळाला गेलेल्या विहिरीत, जिच्या काठावर कपडे धुतले जातात आणि गुरे पाणी पितात, पावडरीची मात्रा रोज योग्य पडते का, हा प्रश्न त्या कार्डाच्या रंगाहून महत्त्वाचा आहे.

पीटर कॉलिग्नन, रमणन लक्ष्मीनारायण आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक देशांची आकडेवारी ताडून पाहिली. त्या सहकाऱ्यांत वर उल्लेख केलेले वॉल्शही होते. कोणत्या देशात किती अँटिबायोटिक खपते याचा आणि जिवाणूंच्या प्रतिकारशक्तीचा संबंध त्यांना अपेक्षेपेक्षा फारच क्षीण आढळला. स्वच्छता, पायाभूत सुविधा आणि कारभार जिथे चांगला तिथे प्रतिकार कमी, हा संबंध मात्र ठळक होता. माझ्या म्हणण्याचा पाया हा आहे. औषधे जपून वापरलीच पाहिजेत, पण एका शरीरात तयार झालेला चिवट जिवाणू हजार शरीरांत पोहोचवण्याचे काम सांडपाणी करते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते आणि प्रक्रिया होत होती जेमतेम २०,२३६ दशलक्ष लिटरवर. बाकीचे नदी-नाल्यांत आणि खाडीत गेले. एवढ्या सांडपाण्यासमोर भिंतीवरचे फलक कितीसे पुरणार?

विषमज्वराचे उदाहरण तर आपल्या दाराशी आले आहे. पाकिस्तानात सिंध प्रांतातल्या हैदराबाद शहरात नोव्हेंबर २०१६ पासून असा विषमज्वर पसरला की त्याच्यावर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमोक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफट्रायाक्झोन यांपैकी काहीही चालेना. तोंडाने घेण्यासारखे एकच औषध उरले, अझिथ्रोमायसिन. सांडपाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवले गेले. भारतातल्या विषमज्वराच्या बहुतेक जिवाणूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन आधीच नीट चालत नाही. त्यात अझिथ्रोमायसिन ही आपण सर्दीवर खातो ती गोळी. तसा विषमज्वर इथे आला आणि ते औषधही गेले, तर वाशीतल्या बालरोगतज्ज्ञाला विषमज्वराच्या प्रत्येक मुलाला रुग्णालयात दाखल करून इंजेक्शन द्यावे लागेल.

नवी मुंबई महापालिकेने याबाबतीत एक मोठे काम केले आहे आणि त्याची दखल इथल्या लोकांनीही पुरेशी घेतलेली नाही. २०१८ साली तिने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना विषमज्वराची संयुग्मित लस मोफत दिली. सरकारी यंत्रणेने राबवलेली ही देशातली अशी पहिली मोहीम, आणि पहिल्या टप्प्यातच एक लाखाहून अधिक मुलांना लस मिळाली. एखादी महापालिका मनावर घेते तेव्हा जगाला दाखवण्याजोगे काम करते, याचा हा पुरावा आहे. लस दंड टोचून एका मुलाला वाचवते. गटार आणि नळ वेगळे ठेवले तर विषमज्वर, कावीळ, जुलाब आणि चिवट ई-कोलाय या सगळ्यांपासून सगळी वस्ती वाचते. त्याच महापालिकेने त्याच निर्धाराने हे दुसरे काम हाती घ्यावे, ही माझी मागणी आहे.

सुरुवात तपासणीपासून व्हावी. पिण्याच्या पाण्याचे आपले मानक, आयएस १०५०० : २०१२, सांगते की १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय मुळीच आढळता कामा नये आणि मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा. सापडलेला ई-कोलाय कोणत्या औषधाला दाद देत नाही, हे ते विचारत नाही. हे विचारायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ट्रायसायकल नावाची साधी पद्धत प्रसिद्ध केली. ई-कोलाय वाढवण्याच्या नेहमीच्या प्लेटशेजारी सेफोटॅक्सिम मिसळलेली दुसरी प्लेट ठेवायची आणि दोन्हींवरच्या वसाहती मोजायच्या. औषध घातलेल्या प्लेटवर किती टक्के वाढले ते कळते. ठाणे महापालिकेचे कळव्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे. दर महिन्याला थोडे नमुने नाल्याचे, थोडे टँकरचे, थोडे येऊरच्या पाड्यांतल्या आणि गावठाणांतल्या विहिरींचे, थोडे वस्त्यांतल्या शेवटच्या नळाचे, एवढे त्या विभागाला दिले तरी वर्षाअखेरीस शहराचा नकाशा तयार होईल.

पाणी खात्यातली माणसे यावर पहिली हरकत घेतील की क्लोरीनने औषधाला न जुमानणारे जिवाणूही मरतात, मग वेगळी तपासणी कशाला? ते मरतात हे खरे आहे. म्हणूनच शेवटच्या नळावर क्लोरीन उरतो की नाही हा पहिला प्रश्न आहे आणि क्लोरीन तपासणाऱ्या ओ.टी. (ऑर्थोटोलिडीन) चाचणीचे दोन-तीन थेंब टाकून पाणी पिवळे होते का, हे तिथेच कळते. पण दाब उतरलेल्या वाहिनीत, टँकर ओतलेल्या टाकीत, पाड्यावरच्या विहिरीत क्लोरीन उरलेलाच नसतो. वाहिन्यांच्या आतल्या शेवाळट थरात जिवाणू क्लोरीनपासून बऱ्यापैकी सुरक्षित राहतात, हीही जुनी माहिती आहे.

दुसरी हरकत जास्त वजनाची. लोकांना साधे स्वच्छ पाणी मिळत नाही, तिथे ही नवी तपासणी म्हणजे चैन, असे काही जण म्हणतील. पैशांचा विचार केला तर मी त्यांच्याच बाजूचा आहे. शंभर रुपये असतील तर नव्वदहून अधिक वाहिन्या बदलण्यात, गटारातून गेलेल्या जोडण्या वर उचलण्यात आणि सांडपाणी प्रक्रियेत घाला. उरलेल्या थोड्यांत ही तपासणी होते. तिचा उपयोग असा की आज आरोग्य विभाग औषधांबद्दल बोलतो, पाणी विभाग वाहिन्यांबद्दल, आणि दोघांच्या अंदाजपत्रकांची गाठ पडत नाही. नाल्यातल्या ई-कोलायपैकी अमुक टक्के सेफोटॅक्सिमला दाद देत नाहीत, असा आकडा स्थायी समितीसमोर आला तर गळकी वाहिनी बदलण्याचा खर्च हा आरोग्याचाही खर्च ठरतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ मधल्या लेखमालेत गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी एक अंदाज दिला आहे. वस्त्यांत सुरक्षित पाणी आणि स्वच्छता सगळ्यांना मिळाली, तर या जिवाणूंशी संबंधित वर्षाकाठी सुमारे २ लाख ४७ हजार ८०० मृत्यू टळू शकतात.

लोक घाबरतील, ही तिसरी हरकत. घाबरून आरओ यंत्रे घेतील, वीस लिटरचे जार मागवतील. आजही तेच चालू आहे. त्या जारमध्ये कुठले पाणी आहे हे विकणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नाही. माहिती दडवली की अफवा आणि जाहिराती तिची जागा घेतात. पाणी खळखळून उकळले की हे जिवाणूही मरतात, हे महापालिकेने आकड्यांसोबतच सांगावे. मात्र दिव्याच्या एका खोलीत सहा माणसांचे पाणी रोज उकळायला किती गॅस जातो, याचाही हिशेब तिने करावा. शुद्ध पाण्याची जबाबदारी शेगडीवर टाकून यंत्रणेला मोकळे होता येणार नाही.

कारखान्यांबद्दल थोडक्यात. तेलंगणातल्या हैदराबादजवळच्या पाटणचेरूला औषध कंपन्यांचे सांडपाणी प्रक्रिया करून सोडणाऱ्या केंद्राच्या पाण्यात २००७ साली लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले होते. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहून हे प्रमाण जास्त होते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये अशा सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांसाठी मर्यादा ठरवणारा मसुदा काढला. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नव्हत्या. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, अंबरनाथ, डोंबिवली इथे रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. इथल्या खासदार-आमदारांनी त्या मर्यादा परत आणण्याचा आग्रह धरायला हवा. रुग्णालयांचे द्रवरूप सांडपाणी गटारात सोडण्यापूर्वी निर्जंतुक करावे, असे २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात. गल्लोगल्लीच्या नर्सिंग होममध्ये ते पाळले जातात का, हे पाहण्याचे अधिकार यंत्रणांकडे आहेत. ते त्यांनी वापरावेत.

दोन्ही महापालिकांनी प्रभागवार पाणी नमुन्यांचे निकाल दर महिन्याला संकेतस्थळावर टाकावेत. किती नमुने घेतले, कुठून घेतले, किती दूषित निघाले, क्लोरीन किती उरला आणि दूषित निघालेल्या ठिकाणी पुढे काय केले, हे त्यात असावे. टँकरवाल्यांची नोंदणी करून प्रत्येक फेरीच्या पावतीवर पाण्याचा स्रोत आणि क्लोरीनचे प्रमाण लिहिणे सक्तीचे करावे. गृहसंकुलांना यासाठी महापालिकेची वाट पाहण्याचीही गरज नाही. पुढच्या करारातच अट घालता येते की टँकर खाली करण्यापूर्वी रखवालदारासमोर ओ.टी. चाचणी होईल, पाणी पिवळे झाले नाही तर टँकर परत जाईल आणि त्या फेरीचे पैसे मिळणार नाहीत. टँकरचे आणि महापालिकेचे पाणी वेगळ्या टाक्यांत घेण्याचा खर्च येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.